रजिस्टरप्रमाणे धुतलेले आरसे

आमच्या आतोबांच्या घरात आरसा नाही. दाढी ते अंदाजाने करतात. उजवा गाल चाचपायचा, डावा चाचपायचा, आणि हनुवटीखाली पेरणी चुकलेल्या शेतासारखे दोन-तीन पट्टे तसेच ठेवून उठायचं. आत्या ओट्यापाशी उभी राहून ओरडते, "अहो, डावीकडे राहिलं!" आतोबा म्हणतात, "राहू दे." आणि टॉवेल झटकून बाहेर जातात.

हे त्या माणसाचं, ज्याने बावीस वर्षं तीनशे छत्तीस आरसे पुसले.

पुसले म्हटलं खरं, पण हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "पुसतात ती फरशी," ते म्हणायचे. "आरसा धुतात. वरून पाणी सोडायचं, ओला स्पंज नुसता टेकवायचा, आणि धुळीला म्हणायचं, बाई, तू खाली जा. चोळलास की मेलास. एक ओरखडा उठला तर तो तुझ्या नातवापर्यंत टिकेल." हे सांगताना त्यांचा हात हवेत असा फिरायचा की समोर तान्ह्या पोराचं टाळकं असावं.

तर डोंगरावरच्या सपाटीवर एक दुर्बीण होती. दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावायची नळी नव्हे. चार मजली घराएवढी लोखंडी परात, आणि त्या परातीत बारा ओळींत बसवलेले तीनशे छत्तीस आरसे. दिवसा ही परात सूर्याकडे पाठ करून, कुशीवर उभी राहायची. चुकून सूर्याकडे तोंड राहिलं तर सगळं ऊन एका जागी गोळा होऊन समोरचं लोखंड वितळलं असतं. खालच्या चार ओळी शिडीवरून हाताला यायच्या. वरच्या आठ ओळींसाठी क्रेनच्या दांड्याला टांगलेली एक लोखंडी टोपली होती. तिला सगळे पाळणा म्हणत. पाळण्यात बसायचं, हातातला दांडा ओढायचा, आणि वर. खाली आणखी एक दांडा असायचा, वरचा अडकला तर माणूस उतरवून घ्यायला. तो धरून वायरमन उभा.

ही परात कशासाठी, ते मला आतोबांनीच समजावलं होतं. "हे बघ. फार लांब, इतक्या लांब की तिथून उजेड निघाला तेव्हा इकडे माणूस नावाचं जनावर जन्मालाच आलं नव्हतं, तिथे एक आकाशगंगा. तिच्या मधोमध काळा खड्डा. बकासुर. येईल ते गिळतो. पण अधाशासारखं गिळलं की सगळंच पोटात जातं होय? तोंडातून सांडतं. तसं त्याचं थोडं दोन बाजूंनी पिचकारीसारखं उडतं. आणि पिचकारी नेमकी आपल्या तोंडावर धरलेली असली की आपल्याला ती लांबूनही दिसते. कधी गपगुमान उडते, कधी एकदम जोर धरते. त्या जोराला म्हणायचं भडका."

त्या पिचकारीतले गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. उंच हवेवर आपटून फुटतात, आणि फुटताना निळसर लुकलुक खाली पडते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याचे कोटी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढी ती टिकते. ही लुकलुक आरशांनी गोळा करायची आणि तासाला किती झाल्या ते यंत्राने मोजायचं. आकडा एकदम चढला, की भडका. एवढंच शास्त्र. पण एवढ्यासाठी आरसा लख्ख पाहिजे. आरशावर धूळ असली की बारीक लुकलुक यंत्राला दिसतच नाही, मोजदादीतून गळून जाते.

मोजणाऱ्यांत एक बाई होत्या. तिशीच्या आतबाहेर, चष्मा नाकावर घसरलेला, पायात दोन वेगळे मोजे. त्यांनी एकच आकाशगंगा धरली होती. सहा वर्षं तिच्याच मागे. "आज भडकेल, उद्या भडकेल" असं त्या इतकं म्हणायच्या की कँटीनवाल्याने त्यांचं नाव भडकेबाई पाडलं. पुढे कुठूनसं एक पाकीट आलं, वर लिहिलेलं "श्रीमती भडके". बाईंनी रागवायचं सोडून ते पाकीट खोलीच्या दारावर चिकटवलं. असा तो जीव होता.

रात्री मोजणारी माणसं सकाळी झोपायची. डोंगरावर सकाळी जागे असायचे ते आतोबा, वायरमन आणि एक लंगडं कुत्रं. आतोबांचा रुबाब सकाळचा. वारा असो, थंडी असो, ते पाळण्यात असे उभे राहायचे की कोणी ओट्यावर उभा असावा. नवीन माणसं त्यांना बघायला यायची. एकदा वायरमनला बाराव्या ओळीमागची वायर तपासायला वर जायचं होतं. वारा बघून तो मागे सरला. आतोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मग हातात बांगड्या भर आणि खाली बस!" कँटीन हसलं. वायरमनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर वर्षभरातच पाळणा अडकला.

आतोबा बाराव्या ओळीपाशी होते. खालचा दांडाही हलेना. वायरमन क्रेनच्या यंत्राचं झाकण उघडून आत हात घालून बसला आणि त्याच वेळी वारा सुटला. दीड तास. टोपली घंटेच्या लोलकासारखी हलत होती, आणि समोर आरसे. आतून खोलगट आरसा तो, जवळून तोंड जरा मोठंच दाखवतो. प्रत्येक आरशात एक भ्यालेला म्हातारा. डोळे मिटावे तर जास्तच गरगरायचं.

खाली उतरले तेव्हा त्यांची पँट मांडीपासून ओली होती. "बादली सांडली," ते म्हणाले.

वायरमनने पाळण्यातल्या बादलीकडे बघितलं. बादली काठोकाठ भरलेली होती.

घरी आत्याने पँट धुवायला घेतली, नाकाशी नेली, आणि पाण्यात बुडवली. पुढे मला मात्र म्हणाली, "पाणी सांडलं म्हणे. मग साबण दोनदा का लावावा लागला मला?"

पुढच्या धुण्याच्या दिवशी आतोबांनी पाळण्यात एक पाय ठेवला. पाय काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. वायरमनला म्हणाले, "तू जा, आज मी एकटाच करतो." तो खुशीने झोपायला गेला. आतोबांनी शिडीवरून खालच्या चार ओळी धुतल्या. मग रजिस्टर उघडलं. त्यात दर पंधरवड्याला एक ओळ लिहायची असे: तारीख, कुठल्या ओळी, सही. उद्या वर जाऊन धुऊ, म्हणजे ही नोंद आपोआप खरी होईल, असं मनाशी म्हणत त्यांनी लिहिलं: धुतले. ओळी १ ते १२.

उद्या वारा होता. परवा गुडघा दुखत होता. तेरवा काही नव्हतं, तरी गेले नाहीत. पुढच्या धुण्यांनाही वायरमनला झोपायला पाठवलं.

माणूस पहिल्यांदा खोटं लिहितो तेव्हा पेन अडखळतं. दुसऱ्यांदा अक्षर सुधारतं. ते धुळीचे महिने होते. चार महिन्यांत आठ नोंदी झाल्या, आठही नोंदी एकाच अक्षरात, कुठे खाडाखोड नाही. खोट्याला खाडाखोड लागत नाही. खाडाखोड खऱ्याला लागते. कारण तिथे काहीतरी राहून जातं, काहीतरी उलटसुलट होतं.

वरच्या आठ ओळींवर धूळ चढत गेली. खालून बघणाऱ्याला ती दिसत नाही. खालून आरशात आभाळच दिसतं.

एकदा कँटीनमध्ये भडकेबाई समोर येऊन बसल्या. चहात चमचा फिरवत म्हणाल्या, "काका, माझी आकाशगंगा म्हातारी झाली हो. आकडा उतरतोय. मागच्या महिन्यापेक्षा कमी, त्याच्या मागच्यापेक्षाही कमी."

"तिच्या पोटात काही गेलं नसेल, बाई," आतोबा म्हणाले.

"बाकीच्यांची लुकलुक ठळक, त्यांचे आकडेही थोडे पडलेत. पण ते हवेतल्या धुळीने असणार. वारा कसला सुटलाय."

"वारा तर आहेच."

"आपला मापाचा दिवा असता तर खात्री केली असती."

मापाचा दिवा म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष. त्याचा उजेड कमीजास्त होत नाही, म्हणून दुर्बीण नीट चालली आहे की नाही ते त्याच्यावरून ताडायचं. पण त्या महिन्यांत तो सूर्याबरोबर उगवायचा आणि सूर्याबरोबर मावळायचा. रात्री दिसायचाच नाही. म्हणजे चोरी पकडणारा पहारेकरी नेमका रजेवर. आतोबांना हे ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

मग पत्र आलं. आरशांची चकाकी तपासायला बाहेरून माणसं येणार होती, आठवड्याने. यंत्र लावून एकेक ओळ बघणार.

आतोबांचं जेवण तुटलं. आत्याने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ताट समोरून ओढून घेतलं. "खायचं नाही तर बघत काय बसलात? अन्न आहे ते, आरसा नाही. काय झालंय?"

"काही नाही."

"मग मी वायरमनला विचारते."

हे ऐकून आतोबांनी सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "वर चढून करायचं काय असतं?"

"पाणी सोडायचं. स्पंज टेकवायचा. चोळायचं नाही."

"एवढंच? आणि एवढ्यासाठी चार महिने तोंड पाडून बसलात? मला माहेरी झाडावर चढायला कोणी शिकवलं नव्हतं. उद्या मी येते."

"तू? अगं, चार मजले उंच!"

"मग काय झालं? उंची काय चावते?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना आत्या पदर खोचून पाळण्यापाशी उभी. आतोबा म्हणाले, "बांगड्या काढ. काचेला ओरखडा पडेल." तिने बांगड्या काढून त्यांच्या हातात दिल्या, चपला काढून पाळण्यात चढली, आणि दांडा ओढला. आतोबा खाली, हातात बायकोच्या बांगड्या घेऊन, वर बघत.

तेवढ्यात वायरमन आला. दात घासत. त्याने वर बघितलं, मग आतोबांच्या हाताकडे बघितलं. ब्रश तोंडातून काढला. "काका," तो म्हणाला, "मापाच्या आहेत का?"

वरून आत्याला ऐकू गेलं. ती इतकी हसली की पाळणा डुलला. आतोबांना मात्र वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. वायरमनने चूळ भरली, खालचा दांडा धरला आणि वर ओरडला, "काकू, डाव्या हाताने हळू सोडा! घाई नको!" दुसऱ्या सकाळीही तो न सांगता येऊन उभा राहिला. आतोबा म्हणाले, "बाहेर कुठे बोलू नकोस..." तर म्हणाला, "बादलीचं बोललो का कधी?"

दोन दिवसांत वरच्या आठ ओळी झाल्या, खालच्या चार आतोबांनी शिडीवरून धुतल्या. वरून गढूळ पाणी ओघळलं ते बघून आत्या म्हणाली, "शी! माझ्या चुलीमागची भिंत बरी." संध्याकाळी आतोबांनी रजिस्टरात लिहिलं: धुतले. ओळी १ ते १२. चार महिन्यांतली ही पहिली खरी नोंद. तिच्यात आणि वरच्या आठांत काडीचा फरक नव्हता.

आणि त्याच आठवड्यात वाराही पडला, हवा निवळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतोबा फाटकापाशी पोचले तर भडकेबाई झोपायचं सोडून धावत येत होत्या. केस विस्कटलेले, चष्मा हातात. "काका! भडका! अडीचपट! सहा वर्षांनी, काका!" त्यांनी आतोबांचे दोन्ही हात धरले. मग एकदम थांबल्या. शास्त्रज्ञ बाई ती, आनंदातही भान सुटलं नव्हतं. चष्मा लावला आणि विचारलं, "आरशांना काही वेगळं केलंत का हो? परवा, काल?"

इथे आतोबांना दोन शब्द पुरे होते. किंवा नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण समोर ते खुललेलं तोंड, आणि आतोबांच्या डोळ्यांपुढे बादली, पँट, बांगड्या. ते म्हणाले, "रजिस्टरप्रमाणे."

बाईंनी रजिस्टर बघितलं. दर पंधरवड्याला धुतले, धुतले, धुतले. आरसे जसेच्या तसे. म्हणजे बदललं आहे ते वर. बाकीचे आकडेही थोडे चढले होते, पण ते निवळलेल्या हवेने. दुपारी त्यांनी जगभरच्या दुर्बिणींना कळवलं: आमच्याकडे भडका दिसतो आहे, तुम्हीही तोंडं वळवा.

त्याच दुपारी चकाकी तपासणारी माणसं आली आणि खूश होऊन गेली. इतके स्वच्छ आरसे धुळीच्या दिवसांत कुठे बघितले नाहीत म्हणाली.

संध्याकाळी कँटीनमध्ये सगळे जमले. चहा, बिस्किटं. मोठे साहेब दोन शब्द बोलले. मग भडकेबाई उठल्या. "भडका आकाशगंगेचा, पण तो आपल्यापर्यंत पोचला तो काकांमुळे. चार महिने धुळीत या माणसाने एक पंधरवडा चुकवला नाही. काका, पुढे या."

टाळ्या वाजल्या. आतोबा पुढे गेले. कोणीतरी हातात फूल दिलं. वायरमन सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता, आणि आतोबांच्या डोळ्याला डोळा भिडवून वाजवत होता. आत्याही आली होती. तिच्या हाताची बोटं पाण्याने अजून सुरकुतलेली होती. ती बोटांकडे बघत बसली.

घरी येताना ती म्हणाली, "फूल इकडे द्या. ते माझं आहे."

आतोबांनी दिलं.

"मी धुतले म्हणून भडका दिसला ना?"

"हं."

"म्हणजे भडका नव्हताच."

आतोबा चालत राहिले.

दोन दिवसांत बाहेरून उत्तरं येऊ लागली. दुसरीकडच्या दुर्बिणींना काहीच दिसत नव्हतं. आकाशगंगा होती तशीच. बाई म्हणायच्या, त्यांनी बघेपर्यंत ओसरला असेल. पण इथला आकडा तर रोज चढलेलाच. कोणी लिहिलं, तुमचं यंत्र तपासा. बाईंनी उलट लिहिलं, आमच्या नोंदी चोख आहेत, रजिस्टरात एक खाडाखोड नाही. आणि शनिवारी शास्त्रज्ञांची मोठी बैठक होती. तिथे उभं राहून बाई हा भडका मांडणार होत्या. आपल्या नावाने.

शुक्रवारी दुपारी आतोबा अंगणात बसून वाळलेले कपडे काढत होते. आत्या येऊन समोर उभी राहिली. "ती पोरगी उद्या चार लोकांत उभी राहणार. तिचं हसं होणार. आणि तुम्ही बसा, पँट वाळली का बघत."

इतक्या महिन्यांत तिने ती गोष्ट तोंडावर कधी काढली नव्हती. आतोबा उठले. चपलाही उलट्या घातल्या.

बाईंच्या दारावर ते पाकीट होतंच, श्रीमती भडके. आत बाई बॅग भरत होत्या. "या काका! बघा, दोन्ही मोजे सारखे घेतलेत या वेळी."

आतोबांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, उघडलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, ही नोंद खरी आहे."

"म्हणजे?" बाई हसल्या. "बाकीच्या काय खोट्या आहेत?"

आतोबांचं बोट त्या ओळीवरून हललं नाही.

बाईंचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. एकेक ओळ वर जात बोट सरकवलं. आकडा जिथून उतरू लागला त्या तारखेपाशी, आठव्या नोंदीवर थांबल्या. "इथपर्यंत?"

"हो."

"एकही नाही?"

"खालच्या चार ओळी धुवायचो. वर गेलो नाही."

"का?"

"बादली सांडली नव्हती," आतोबा म्हणाले. मग बाईंना काही कळेना हे बघून त्यांनी सगळं सांगितलं. पाळणा, वारा, पँट. बायको वर गेली ते. बांगड्याही सांगितल्या.

बाई खाली बसल्या. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. "मी विचारलं होतं, काका. फाटकात. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"काय म्हणालात तुम्ही?"

"बाई..."

"काय म्हणालात? सांगा ना."

"रजिस्टरप्रमाणे."

"जा आता," बाई म्हणाल्या. "जा तुम्ही."

त्या बैठकीला मात्र गेल्या. उभं राहून त्या तीन वाक्यं बोलल्या: भडका नव्हता. आरसे धुतले गेले होते. आमच्या नोंदीत चूक होती. आतोबांचं नाव घेतलं नाही. "आमच्या" म्हणाल्या. हे आतोबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, नाव घेतलं असतं तर माझं मला तरी उचलता आलं असतं. त्या "आमच्या"त ती अर्धं ओझं घेऊन गेली.

सभागृह हसलं म्हणतात. मागून कोणीतरी विचारलं, "साबण कुठला वापरता?" तो विनोद टिकला. पुढे कित्येक महिने बाई कुठेही गेल्या की कोणीतरी साबणाचं विचारायचंच. दारावरचं पाकीट त्यांनी काढून टाकलं.

साहेबांनी आतोबांना कागद दिला, कडक शब्दांचा. नोकरी ठेवली, रजिस्टर काढून घेतलं. पाळण्यासाठी माणूस हवा म्हटल्यावर वायरमननेच सुचवलं, "काकूंना घ्या. त्यांच्यासारखा हात नाही." आत्या कामाला लागली. ती वर, आतोबा खाली दांडा धरून, वायरमनच्या जागी. नोकरीची उरलेली दोन वर्षं त्यांनी तो दांडा धरला. रजिस्टर आत्याच्या हाती. तिच्या अक्षरात खाडाखोडच खाडाखोड: ओळ ९, आरसा ४ राहिला. ओळ ११ उद्या. आज हात दुखतो.

आतोबा म्हणायचे, ज्याला तोंड दाखवायला जागा नाही त्याने या कामावर येऊ नये. वळावं तिकडे तोंडच दिसतं. तीनशे छत्तीस वेळा.

पुढच्या वर्षी, थंडीत, ती आकाशगंगा खरोखर भडकली. पहिल्याच रात्री तिप्पट.

सकाळी भडकेबाई परातीपाशी आल्या. हातात विजेरी. आतोबांकडे न बघता आत्याला म्हणाल्या, "काकू, मला वर न्या." दोघी पाळण्यात चढल्या. बाईंनी एकेका आरशावर तिरका उजेड टाकून बघितलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आतोबा खाली दांडा धरून. आत्या वरून सांगत होती, "बाई, परवाच धुतलेत, मी स्वतः." बाई म्हणाल्या, "हो काकू. तरी बघते." दुपारपर्यंत तीनशे छत्तीस झाले. मग म्हणाल्या, अजून एक रात्र मोजू, मापाच्या दिव्याशी ताडून बघू. मग कळवू.

त्या एका रात्रीत दुसरीकडच्या दुर्बिणीने भडका बघितला आणि जगाला कळवला. पहिलं नाव त्यांचं लागलं. बाईंची नोंद खाली गेली, "यांनीही पाहिला" अशी.

ती बातमी आली त्या दिवशी बाई फाटकापाशी आतोबांना भेटल्या. त्याच जागी. थांबल्या, चष्मा वर सरकवला. "काका, आरसे स्वच्छ होते," म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.

एवढंच. टोमणा नव्हता त्यात, हे आतोबा मला शपथेवर सांगतात. "शिवी घातली असती तर जेवलो असतो," ते म्हणतात.

त्या दुपारी घरी येऊन त्यांनी भिंतीवरचा दाढीचा आरसा काढला. आत्याने विचारलं, "फुटला का?"

"नाही."

"मग?"

"कामावर बघतो तेवढे पुरेत."

आता कामही सुटून किती वर्षं झाली. आरसा काही परत आला नाही. खिळा तेवढा राहिला आहे. भांडी घासायला बसली की आत्या बांगड्या काढून त्या खिळ्याला अडकवते.